आपली माणसे कुठे विसावली आहेत?



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. पहिल्या तारखेला आपण सर्व संतांचा सण साजरा करतो आणि दुसऱ्या तारखेला सर्व मृत भाविकांसाठी मिस्सा अर्पण करतो. पावसाळ्यात माजलेले गवत काढले जाते, कबरींना चुना लागतो, झेंडूची फुले आणि मेणबत्त्या घेऊन आपण दफनभूमीत जातो. मिस्सेत प्रार्थना व्हावी म्हणून मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून देतो. या चिठ्ठ्या एकदा नीट पाहाव्यात. बहुतेकींवर आई-वडिलांची नावे असतात, काहींवर आजी-आजोबांची. त्यापुढे 'घरातील सर्व मृत' एवढेच शब्द उरतात. दोन पिढ्या झाल्या की आपल्या माणसांची नावे संपतात.

देवाला ती सर्व नावे ठाऊक आहेत, म्हणून आपली प्रार्थना वाया जात नाही. पण आपल्याला ती का ठाऊक नसावीत? आपल्या पणजोबांचे स्नानसंस्काराचे नाव काय होते? ते कोणत्या गावाहून आले? त्यांना मूठमाती कुठे मिळाली? आपल्यापैकी किती जण या तीन प्रश्नांची उत्तरे देऊ शकतील?

मृतांची नावे शोधणे, त्यांची कबर ओळखणे, जुन्या वहीतील त्यांची नोंद काढून पाहणे हे काम हौसेचे वाटते. खरे पाहता ते दयेचे काम आहे. आज आपण यावरच चिंतन करू या. त्यासाठी दूर जायला नको. आपल्या कोल्हापुरातच याचा मोठा धडा मातीत पडून आहे.

वळिवड्याचे पाहुणे

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वळिवडे हे छोटे स्टेशन लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे पोलंडमधून परागंदा झालेल्या कॅथोलिक लोकांची मोठी वसाहत होती. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना घरातून उठवून, मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. थंडी, उपासमार आणि रोग यांनी कितीतरी जण वाटेतच गेले. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून ते इराणात पोहोचले. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे आसरा शोधत राहिली.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ पोलिश मुलांना आपल्या पंखाखाली घेतले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. मोठी वसाहत मात्र आपल्या कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला, १९४३ मध्ये उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे येथे राहिली. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, बालवीरांची पथके आणि मधोमध प्रार्थनामंदिर. कोल्हापूरच्या उन्हात पोलिश भाषेतील नाताळगीते गायली जात होती. १९४८ पर्यंत ही वसाहत नांदती राहिली. नंतर ही माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी जगभर विखुरली. काही पोलंडला परतली. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीमुळे उखडलेले सिंधी बांधव आले आणि तेथे आजचे गांधीनगर वसले. एका निर्वासिताने सोडलेली खोली दुसऱ्या निर्वासिताच्या कामी आली.

सगळेच पाहुणे मात्र येथून गेले नाहीत. जे येथे वारले, ते कोल्हापूरच्या मातीतच राहिले. सायबेरियातून वाचून, अर्धे जग ओलांडून आलेल्या त्या माणसांच्या कबरी आपल्या शहरात आहेत.

त्यांची मुले आणि नातवंडे आज कुठे कुठे आहेत. तरीही ती कोल्हापूर विसरलेली नाहीत. भारतात राहिलेल्या पोलिश लोकांनी इंग्लंडमध्ये आपली संघटना केली, कागदपत्रे आणि आठवणी गोळा करून १९४२ ते १९४८ या काळाचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ उभारला गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्याला नव्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या वेळी लहानपणी येथे राहिलेली, आता केस पिकलेली माणसे मुद्दाम आली होती. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली.

ही माणसे येथे येऊन काय शोधतात? एक नाव, एक तारीख, मातीचा एक तुकडा. लंडनच्या सिकोर्स्की संस्थेत त्या काळचे कागद जपलेले आहेत. पोलंडमधील 'कार्टा' या संस्थेने सोव्हिएत राजवटीत छळ सोसलेल्या लोकांच्या नावांची प्रचंड सूची केली आहे. कागदावर नाव सापडते, पण कागदासमोर गुडघे टेकता येत नाहीत. ज्या घरातला बाप सायबेरियाच्या बर्फात कुठे पुरला गेला हे कोणालाच माहीत नाही, आजी रेल्वेच्या वाटेवर गेली, भाऊ रणांगणात पडला, त्या घरासाठी कोल्हापूरची कबर कदाचित सगळ्या कुळाची एकुलती एक कबर असेल. साऱ्या जगात हात ठेवायला तेवढाच एक दगड. आपल्यापैकी ज्यांनी त्या कबरींवरचे गवत कधी काढले असेल, एखादी मेणबत्ती लावली असेल, त्यांनी एका अनोळखी कुटुंबाचा इतिहास राखला आहे. त्यांना ते ठाऊक नसेल, पण देवाला ठाऊक आहे.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपचा प्रवास करून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात निवर्तले. वय अवघे वीस वर्षांचे. त्यांच्यावर तेथेच नदीकाठी हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले. १८७४ मध्ये तेथे त्यांची छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. आजही फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंडियानो' म्हणजे भारतीयाची जागा म्हणतात आणि जवळच्या पुलालाही तेच नाव आहे. आपला तरुण राजा त्यांनी सांभाळला आहे. पोलंडची माणसे आपल्या मातीने सांभाळली आहेत. देवाच्या हिशेबात अशी देवाणघेवाण चालू असते.

पवित्र शास्त्रातील कबरी

पवित्र शास्त्र उघडले तर विश्वासाचा पिता अब्राहाम याने वचनदत्त देशात सर्वांत आधी कोणती जमीन विकत घेतली? घरासाठी नव्हे, शेतासाठीही नव्हे. पत्नी सारा वारली, तेव्हा तिला पुरण्यासाठी त्याने मकपेलाची गुहा आणि तिच्याभोवतीचे रान घेतले. उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात हा सगळा व्यवहार बारकाईने दिला आहे. मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, असे अब्राहाम हेथच्या लोकांना नम्रपणे सांगतो. एफ्रोन जमीन फुकट देऊ करतो, पण अब्राहाम गावच्या वेशीत, सर्वांच्या साक्षीने ४०० शेकेल चांदी तोलून देतो. विकणारा कोण, घेणारा कोण, जागा कोणती, झाडे कोणती, हे सारे तेथे नोंदलेले आहे. एखादे खरेदीखत वाचावे तसा तो अध्याय आहे. पुढे त्याच जागी अब्राहाम, इसहाक, रिबेका, याकोब आणि लेआ विसावले. उपऱ्या माणसाचे मूळ जमिनीत धरले ते कबरीपासून.

योसेफ मिसर देशात मोठा अधिकारी झाला, पण मरताना त्याने आपल्या अस्थी सोबत नेण्याची शपथ घातली. निर्गमाच्या धावपळीतही मोशे त्या अस्थी विसरला नाही. तोबीत परदेशात, निनवेत कैदी होता. राजाच्या भीतीने कोणी शिवत नव्हते अशी आपल्या लोकांची प्रेते तो उचलून पुरत असे. त्यापायी त्याची मालमत्ता गेली, त्याला लपून राहावे लागले, तरी त्याने ते काम सोडले नाही.

आणखी एक जागा आठवू या. यहूदाने फेकलेल्या चांदीच्या नाण्यांनी याजकांनी कुंभाराचे शेत घेतले, ते परक्यांना पुरण्यासाठी. प्रभूच्या रक्ताची किंमत म्हणून दिलेला तो पैसा उपऱ्यांच्या दफनभूमीच्या कामी आला. आणि स्वतः प्रभू येशू? त्याला स्वतःची कबर नव्हती. अरिमथाईकर योसेफाने आपल्यासाठी खोदलेली कबर त्याला दिली. आपला तारणारा दुसऱ्याच्या कबरीत निजला. म्हणूनच मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने शारीरिक दयेच्या सात कृत्यांत गणले आहे. ते कृत्य दफनाच्या दिवशी संपत नाही. कबर ओळखू येत राहावी, नाव वाचता यावे, ही त्याच दयेची पुढची पायरी आहे.

हेळव्याची वही आणि धर्मग्रामाची वही

आपल्या कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी नावाचा समाज आहे. हेळवी बैल घेऊन दारात येतो आणि घराची कुळी वाचतो. मूळ गाव कोणते, मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, कोण कोणत्या गावी जाऊन राहिला, हे सारे तो सांगतो. नवीन जन्मलेल्यांची नावे वहीत चढवतो आणि धान्य, कपडा, पैसा घेऊन पुढच्या गावी जातो. त्र्यंबकेश्वर, नाशिक अशा तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांकडेही यजमानांच्या नावांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात.

आपल्यापैकी पुष्कळ घरांच्या बाबतीत त्या वह्यांतील धागा एका ठिकाणी तुटतो. एका पूर्वजाने ख्रिस्ताला स्वीकारले आणि त्यानंतर हेळवी दारात थांबेनासा झाला. पण धागा खरोखर तुटला का? ज्या ठिकाणी ती वही थांबली, त्याच ठिकाणी धर्मग्रामाची वही सुरू झाली. पहिली नोंद स्नानसंस्काराची.

या वह्यांची परंपरा जुनी आहे. त्रिदेंत येथील धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये आज्ञा केली की धर्मगुरूने विवाहाची वही ठेवावी आणि स्नानसंस्काराच्या वहीत धर्ममातापित्यांची नावे लिहावीत. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या वहीसह पाच प्रकारच्या वह्या सांगितल्या. आजच्या धर्मनियमांतही, ५३५ व्या कलमात, प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या नीट ठेवाव्यात आणि जपाव्यात असे बंधन आहे. श्रीमंताची नोंद सोनेरी शाईने आणि गरिबाची साध्या शाईने, असा भेद या वह्यांत नाही. राजाच्या दप्तरात ज्याचे नाव कधीच आले नसते, त्या शेतमजुराच्या मुलीचेही नाव येथे आहे.

या नोंदी वाचण्याची एक रीत आहे. स्नानसंस्काराच्या नोंदीत मुलाचे नाव, जन्मतारीख, आई-वडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरूची सही असते. धर्ममातापिता बहुधा जवळचे नातलग किंवा गावकरी असतात. आडनाव विसरले गेले असेल तर त्यांच्या नावावरून घराचा माग लागतो. समासातील टिपणे तर अवश्य पाहावीत. त्या व्यक्तीचे दृढीकरण आणि लग्न कुठे झाले हे तेथे नंतर लिहिलेले असते. एका समासावरून दुसऱ्या धर्मग्रामाची वाट सापडते. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असू शकतात. घरात ज्यांना जुजे किंवा योसेफ म्हणत, ते वहीत 'योसेफुस' असतात. फ्रान्सिस हे 'फ्रान्सिस्कुस' असतात. घरचे नाव एक, शाळेतले दुसरे आणि स्नानसंस्काराचे तिसरे, असेही पुष्कळदा असते. म्हणून एका नावावर अडून राहू नये.

आपला धर्मग्राम नाना गावांच्या माणसांचा बनला आहे. काहींचे पूर्वज गोव्याहून आजरा, चंदगड, सावंतवाडी या पट्ट्यात आले. काहींची मुळे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहेत, जेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेज्वीट धर्मगुरूंनी काम सुरू केले. काही मंगळुरू आणि केरळकडून नोकरीनिमित्त आले. काहींच्या घरात एक बाजू प्रॉटेस्टंट आहे. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम १८५२ पासूनचे, त्यामुळे त्या मंडळींची दप्तरेही उपयोगी पडतात. पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ मध्ये झाली आणि २००५ मध्ये त्यातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, हेही कागद शोधताना ध्यानात ठेवावे.

धर्मग्रामाबाहेरही वाटा आहेत. खेड्यातील गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, तहसील कचेरीत पाहायला मिळू शकते. ती बरेचदा मोडी लिपीत असते. जमिनीचे फेरफार वारसांची नावे सांगतात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळचे कागद आहेत. ज्यांचे आजोबा इंग्रज अमदानीत रेल्वेत किंवा लष्करात होते, त्यांना लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेल्या मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या प्रतीही उपयोगी पडतात. दाखल्यांसाठी जुनी दप्तरे चाळणारी माणसे आपण महाराष्ट्रभर पाहतो. दाखल्यासाठी जे कष्ट आपण घेतो, त्यातले थोडे प्रार्थनेसाठी घ्यायला काय हरकत आहे?

गर्व नको आणि लाजही नको

येथे एक सावधगिरी हवी. संत पौलाने तिमथ्याला अंतहीन वंशावळ्यांच्या नादी लागू नये असे बजावले आहे. स्नानकर्ता योहान यार्देनेच्या काठी स्पष्ट म्हणाला की अब्राहाम आमचा बाप आहे अशी बढाई मारू नका. देव दगडांतूनही अब्राहामाला मुले देऊ शकतो. आमचे घराणे मूळचे अमुक, आम्ही तमुक कुळातले, असे सांगून वेदीसमोर उच्च-नीच मांडणाऱ्याला वंशावळ सापडली असेल, ख्रिस्त सापडलेला नाही. स्नानसंस्काराच्या पाण्यात आपण एक झालो. ज्या वंशावळीमुळे शेजारच्या बाकावरचा भाऊ लहान वाटू लागतो, ती न सापडलेली बरी.

गर्वाहून अधिक आढळते ती लाज. पूर्वज कोणत्या वस्तीतून आले, ते दुष्काळात भुकेने मिशनच्या दाराशी आले होते का, आजीला कोणी टाकले होते का, वडील अनाथाश्रमात वाढले का, या गोष्टी घरात कुजबुजीतच बोलल्या जातात. मुलांना त्या सांगितल्या जात नाहीत. त्यांच्याबरोबर नावेही पुरली जातात. अशा घरांनी संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पहिले पान उघडावे. प्रभू येशूच्या वंशावळीत चार स्त्रियांचा उल्लेख मत्तय मुद्दाम करतो: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी. राहाब यरीहोतील वेश्या, रूथ परदेशी विधवा. त्यांची नावे गाळली असती तर यादी अधिक 'सोवळी' झाली असती. पवित्र आत्म्याने ती गाळू दिली नाहीत. तारणाचा मार्ग याच घरांतून गेला. उपासमारीत मिशनच्या दाराशी आलेल्या आजोबांना देवाने भाकरीही दिली आणि विश्वासही दिला, यात लाजण्यासारखे काय आहे? जातीच्या नावाने ज्यांना गावाबाहेर ठेवले होते, त्यांचे नाव एका वहीत सन्मानाने, आई-वडिलांसह लिहिले गेले, ही तर अभिमानाने सांगायची गोष्ट आहे.

काहींना मात्र काहीच सापडणार नाही. वही वाळवीने खाल्लेली असेल, कबरीवर कधी दगडच बसवला नसेल, किंवा जागा अपुरी म्हणून त्याच कबरीत पुढे दुसऱ्यांना ठेवले असेल. त्यांच्यासाठी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात मोठा दिलासा आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतणाऱ्यांची तेथे गणती होते. त्यांत ६५२ माणसे अशी होती, की ज्यांना आपले घराणे कोणते हे सिद्ध करता आले नाही. कागद हरवले होते. तरीही ती माणसे यादीत आहेत. कागद नव्हता म्हणून देवाच्या लोकांतून त्यांना वगळले गेले नाही. तीही सर्वांबरोबर घरी परतली. ज्यांचा माग लागत नाही, त्यांच्यासाठीही ख्रिस्तसभा प्रत्येक मिस्सेत प्रार्थना करते.

या महिन्यात काय करावे

पहिली गोष्ट, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे. वही-पेन घेऊन, मुलांना सोबत घेऊन बसावे. नावे, गावे, लग्ने, मृत्यूची साले, कोण कुठे पुरले गेले, हे विचारावे. साल आठवत नसेल तर कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर, १९७२ च्या दुष्काळात की पुढे, असे विचारले की आठवते. दगड नसलेली कबर दाखवू शकणारी माणसे आपल्यात थोडीच उरली आहेत. त्यांच्यातील एक गेले की पाच-दहा नावे कायमची जातात. म्हणून हे काम पुढच्या नोव्हेंबरवर ढकलू नये.

दुसरी गोष्ट, घरात ठेवलेले कागद एकत्र करावेत. स्नानसंस्काराचे दाखले, लग्नाचे फोटो, जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा, मृतांच्या स्मरणार्थ छापलेली छोटी चित्रे. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. आज ज्यांना आपण ओळखतो, त्यांना नातवंडे ओळखणार नाहीत.

तिसरी गोष्ट, दफनभूमीत जाताना दगड जपावेत. शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा ॲसिड वापरू नये, अक्षरे झिजतात. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. पुसट अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. त्या वेळी फोटो काढावा आणि मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. आपल्या घरच्या कबरीबरोबर शेजारची, ज्याचे कोणी येत नाही अशी, एक कबर तरी स्वच्छ करावी. वळिवड्याच्या पाहुण्यांनी आपल्याला हेच शिकवले आहे. आज आपण ज्याचे नाव जपतो, त्याचे नातवंड उद्या कुठल्या देशातून शोधत येईल, हे सांगता येत नाही. आणि आपली मुलेही आज पुण्या-मुंबईत, आखातात, परदेशात आहेत. उद्या आपल्या कबरीवरचे गवत काढणारा हातही परक्याचाच असेल.

चौथी गोष्ट, धर्मग्रामाच्या वह्यांविषयी. या वह्या सर्वांसाठी उघडी ठेवलेली पुस्तके नव्हेत. त्यांत दत्तक मुलांच्या, एकट्या मातांच्या, मोडलेल्या घरांच्या नोंदीही असतात. धर्मगुरू त्यांचे राखणदार असतात. आपल्या घराची माहिती हवी असेल तर नाव, अंदाजे साल आणि नाते लिहून कार्यालयात अर्ज द्यावा आणि उतारा मागावा. दुसऱ्याच्या घरातील गोष्ट हाती लागली तर ती चर्चेचा विषय करू नये. मृतांचीही अब्रू असते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, सापडलेले नाव प्रार्थनेत आणावे. यहूदा मक्काबीने लढाईत पडलेल्यांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवले, कारण मृत पुन्हा उठतील अशी त्याची आशा होती. १ ते ८ नोव्हेंबरच्या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या आणि पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद व पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना या अटी पाळणाऱ्या भाविकाला ख्रिस्तसभा संपूर्ण दंडमुक्तीची कृपा देते आणि ती मृतांना अर्पण करता येते. ज्या पणजीचे नाव ऐंशी वर्षांत कोणी उच्चारले नाही, तिचे नाव या महिन्यात मिस्सेच्या चिठ्ठीवर येऊ द्या. 'घरातील सर्व मृत' हे शब्द खाली राहू द्या; त्याच्या वर एक तरी नवीन नाव लिहू या.

बंधू-भगिनींनो, पुनरुत्थानाची पहिली भेट एका बागेत, कबरीजवळ झाली. मग्दालीया मरिया रडत होती. समोर प्रभू उभा होता, तरी तो माळी आहे असे तिला वाटले. त्याने तिला पुरावा दिला नाही, उपदेश केला नाही. त्याने फक्त तिचे नाव घेतले, आणि तिने त्याला ओळखले. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. कोल्हापूरच्या मातीत निजलेल्या आपल्या आजोबांना, पोलंडच्या त्या मुलांना आणि जिच्यावर दगडही नाही अशा प्रत्येक कबरीतल्या माणसाला तो एके दिवशी तशीच हाक मारणार आहे. तोवर ती नावे ओठांवर ठेवण्याचे काम त्याने आपल्याकडे सोपवले आहे.

हे प्रभू येशू, तू दुसऱ्याच्या कबरीत विसावलास आणि तिसऱ्या दिवशी उठलास. आमच्या घरातील, आमच्या धर्मग्रामातील आणि दूरदेशाहून येऊन आमच्या मातीत निजलेल्या सर्व मृतांना तुझ्या प्रकाशात घे. ज्यांची नावे आम्हाला आठवतात आणि ज्यांची आठवत नाहीत, त्या सर्वांची नावे तू जीवनाच्या पुस्तकात लिहून ठेव. आणि आमची वेळ येईल तेव्हा आम्हालाही आमच्या नावाने हाक मार. आमेन.